नांदुऱ्यापर्यंत तेरा मैल

पिंपळगाव राजा
१२ जानेवारी १९६४

बाई,

तुला माझा जयभीम. अक्षर वाकडं दिसेल. उताणा पडून, छातीवर शाळेची पाटी ठेवून लिहितो आहे. पंजाबराव भाऊजींकडून वाचून घेऊ नकोस. तीन इयत्ता शिकलेली आहेस, बोट ठेवून वाच, पण स्वतः वाच.

माझ्या पाठीचा एक मणका दबला आहे. काखेपासून कंबरेपर्यंत प्लॅस्टरचं जाकीट घातलंय आणि सहा आठवडे फळीवर निजायचा हुकूम आहे. तुझ्या कानावर काहीबाही आलं असेल, म्हणून खरं काय झालं ते सांगतो.

डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी मी खामगावच्या कापूस बाजारात गेलो होतो. सोमवारच्या लिलावासाठी शेदीडशे गाड्या आदल्या दिवशीच लागल्या होत्या. माणसं रिकामी बसलेली, म्हणजे ऐकायला मोकळी. आपल्याच गावच्या पुंजाजीच्या गाडीवर चढलो आणि मुलींना शाळेत घाला म्हणून बोलू लागलो. पोरगी आठ वर्षांची झाली की तिच्या पाठीला कापूस वेचायची झोळी, ओटा, बांधणाऱ्या बापांना मी सोडत नाही, हे तुला ठाऊक आहे. बैल सोडलेले होते. मागच्या लोकांना दिसावं म्हणून मी कापसावरून मागे मागे सरकत गेलो. पुंजाजी खालून ओरडला, "मास्तर, मांगं सरकू नका, गाडी उलाळ होईन." मी त्याला हातानंच गप्प केलं, कारण वाक्य अर्ध्यावर होतं.

मागे भार गेला की सुटी गाडी तोंड वर करते, हे आपल्याकडे चार वर्षांच्या पोराला कळतं. मला वाक्य पुरं झाल्यावर कळलं. कापूस माझ्यावर पडला, हे नशीब. मी मात्र आधी दगडावर पडलो होतो.

येत्या सव्वीस जानेवारीच्या खामगाव–नांदुरा दौडीत माझं नाव होतं, ते कापलं गेलं. डॉक्टरांना म्हणालो, पुढच्या वर्षी धावेन. ते म्हणाले, "आधी बसा."

माय तुझं नाव घेऊन रोज एकच बोलते. "कलीकडं जाय. तिचा पाय लागू दे पाठीले, उठून बसशीन." तू पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलीस, आणि पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीची उसण उतरते, असं तिच्या डोक्यात पक्कं आहे. माझ्या नाही. मी येणार नाही. गेल्या वर्षी नांदुऱ्यात दौडीच्या त्या मांडवात मी तुझं उदाहरण दिलं, ते तुला लागलं. पण त्यामागचा विचार खरा होता आणि आजही खरा आहे. माणसाचं दुखणं माणसाच्या जन्माच्या तऱ्हेनं बरं होत नाही.

हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. पडल्याचं कळवावं, एवढंच.

माणिक


२ मार्च १९६४

बाई,

पत्राला उत्तर आलं नाही. हरकत नाही. पोस्टमन वामनराव मला बघून लांबूनच हात हलवतो, म्हणजे काही नाही. त्याला उशीर नको म्हणून तो असं करतो, की मला उठावं लागू नये म्हणून, कोण जाणे.

प्लॅस्टर काढलं. आतून जी पाठ निघाली ती माझी नव्हे. सोललेल्या भुईमुगाच्या शेंगेसारखी पांढरी आणि बारीक. उभा राहिलो तर खोली फिरली. ज्या माणसानं गेल्या वर्षी तेरा मैल पळून तिसरा नंबर काढला, तो अंगणातल्या रांजणापर्यंत भिंत धरून गेला आणि परत येताना मध्ये थांबला. मायनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तिची ही सवय मला पहिल्यांदाच आवडली.

डॉक्टरांनी चार गोष्टी शिकवल्या. खाटेवरून सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या जोरावर उठायचं. विटेला फडकं गुंडाळून शेक द्यायचा, पण दुखण्याच्या जागेच्या खाली. रोज पालथं पडून छाती उचलायची, पोटात वारा न कोंडता. आणि वाकून काही उचलायचं नाही, गुडघ्यात बसून उचलायचं.

मी ऐकत होतो आणि मला दुसराच आवाज ऐकू येत होता. तुझ्या अंगणात दुखऱ्या कंबरेची माणसं यायची, तेव्हा तू पाय लावायचीस ते एका क्षणाचं काम होतं. त्यानंतर तासभर तू जे सांगायचीस ते हेच होतं. "सिधा उठू नको, कुशीवर व्हय." वीटसुद्धा हीच. मी तेव्हा ओसरीवर पुस्तक वाचत बसायचो. पाय तेवढा पाहिला, तास पाहिला नाही.

याचा अर्थ मी पायाळूपण मानू लागलो असा घेऊ नकोस.

माणिक


१९ जुलै १९६४

बाई,

आज लपवून काही लिहीत नाही.

एप्रिलपासून मी चालायला लागलो. आधी शाळेपर्यंत, मग विहिरीपर्यंत, मग सडकेवर पहिल्या मैलाच्या दगडापर्यंत. जूनमध्ये शंभर पावलं धावायचो, शंभर चालायचो. पाठ कुरकुरायची, पण ऐकायची. इतकं झाल्यावर मी शहाण्यासारखं थांबायला हवं होतं. पण गेल्या रविवारी चहाच्या हॉटेलात कोणीतरी म्हणालं, "मास्तर आता भाषणापुरतेच उरले." झालं. मी तिथून उठलो आणि धोतर खोचून खामगावच्या सडकेला लागलो. आठ मैल जायचं आणि आठ यायचं, असं मनात धरलं.

पाचव्या मैलाला पाठीत काहीतरी बंद झालं. दार बंद होतं तसं. मी सडकेच्या कडेला पालथा पडलो आणि मला उठता येईना. शेतात कापसाच्या पऱ्हाटीला निंदण चालू होतं, पण लांब. हाक मारायला लाज वाटत होती. हजार माणसांसमोर माझा आवाज कधी चाचरला नाही, आणि तिथं "कोणी आहे का" एवढं म्हणता येईना.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग मी तुझं ऐकलं. डॉक्टरांचं नाही, तुझंच, तुझ्याच शब्दांत. "घाई करू नको बे. कुशीवर व्हय. पाय सोड. आता हातानं." तसा उठलो. चालत परतलो. पाच मैलांना चार तास लागले.

आता ते दुसरं. सव्वीस जानेवारी त्रेसष्ट. मी तिसरा आलो होतो, गळ्यात हार होता, हातात माईक होता. अंधश्रद्धेवर बोला, म्हणाले. उदाहरण हवं होतं. मी म्हणालो, "दूर कशाला जायचं? माझी सख्खी बहीण याच गावात राहते. पायाळू म्हणून लोकांच्या पाठीला लाथा घालते, आणि शिकलेली माणसं लाथा खायला रांग लावतात." मांडव हसला. तू बायकांत बसली होतीस. मला माहीत होतं तू कुठे बसली आहेस.

विचार खरा होता, हे मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. विचार खरा होता, पण त्या वेळी मला टाळ्या हव्या होत्या आणि सगळ्यांत जवळचं माणूस तू होतीस. ज्या बाईनं कोणाकडून सुपारीचं खांडही घेतलं नाही, तिला मी भोंदू ठरवलं.

मी चुकलो. चूक जिथं केली तिथंच ती भरून काढायला हवी. येत्या सव्वीस जानेवारीला मी ती दौड पळून नांदुऱ्याला येईन, त्याच मांडवात माईक मागून घेईन आणि सर्वांसमोर तुझी माफी मागेन. त्या भाषणाची सुरुवात मनात तयार आहे.

माणिक


८ ऑगस्ट १९६४

बाई,

तुझं कार्ड मिळालं. वामनरावानं ते सडकेवरूनच वाचलं आणि हसत हसत आणून दिलं, म्हणजे आता गावालाही ठाऊक आहे. दीड वर्षानंतर तुझं एक वाक्य:

"मले लाउडस्पीकरवर काही आयकाचं नाई."

मी ते सहा वेळा वाचलं. खाली नावसुद्धा नाही. तुझा 'ळ' अजून उलटाच आहे का, ते पाहायला एकही 'ळ' नव्हता.

आधी राग आला. एवढी मोठी माफी मी देऊ करतो आहे आणि ही ती घेत नाही, असं वाटलं. रात्रभर तुझ्याशी मनात वाद घातला आणि हरलो. तुझं बरोबर आहे. त्या मांडवात माफी मागितली असती तर पुन्हा टाळ्या मलाच पडल्या असत्या. लोक म्हणाले असते, केवढं मोठं मन मास्तरांचं. तू पुन्हा बायकांत मान खाली घालून बसली असतीस, आणि पुन्हा मी तुला उदाहरण केलं असतं.

मग काय करू, ते तू लिहिलेलं नाहीस. ये असंही नाही, येऊ नको असंही नाही. मी धावत येणार. मांडवात थांबणार नाही. तुझ्या दाराशी येईन. दार उघडायचं की नाही, हे तुझं.

भाषण फाडून टाकलं.

माणिक


२२ नोव्हेंबर १९६४

बाई,

आता रोज पहाटे पळतो, आणि माझ्यामागे बैलगाडी असते. हसू नकोस. पुंजाजीच्या मनातून ते उलाळ होणं काही जाईना. माझ्या गाडीवरून मास्तर पडले, असं तो सगळ्या गावाला सांगत सुटलाय, जशी काही गाडीच चुकली. मी सडकेवर बंद पडलो होतो हे ऐकल्यापासून तो रिकामी गाडी जुंपून माझ्यामागे येतो. पडलो तर टाकून आणायला.

"पुंजाजी, बैलांना कशाला त्रास?"

"बैलाईले काय तरास. ते तं झोपीतच चालून राह्यले. तुमच्यापेक्षा जोरात चालतात, म्हून मीच आवरून धरतो."

दुसऱ्या दिवशी म्हणतो, "मास्तर, एक इचारू? काऊन पळता? नांदुऱ्याले तं आगगाडी जाते. जलंबले बदलली का झालं."

मी त्याला देहाचं शिक्षण, माणसाची जिद्द वगैरे सांगायला लागलो. त्यानं जांभई दिली. मग मी म्हणालो, "बहिणीकडे जायचंय." तेव्हा तो म्हणाला, "मंग पळा." त्या दिवसापासून त्यानं काही विचारलं नाही. फक्त मी वाकडा पळू लागलो की मागून ओरडतो, "डाव्या अंगाले झुकून राह्यले." त्याला मान तिरकी झालेला बैल लांबून ओळखू येतो, तसाच मी. त्याच्या या एका वाक्यानं माझी पाठ सरळ झाली. आता नऊ मैल न थांबता होतात. त्यापुढे पाठ दुखते, पण आधी सांगून दुखते. मी थांबतो, कुशीवर होतो, उठतो, पुन्हा लागतो.

परवा पंजाबराव भाऊजी खामगावला भेटले. त्यांनी जे सांगितलं ते तू कधी लिहिलं नसतंस. त्या भाषणानंतर नळावर पोरं तुला बघून हवेत लाथ मारून दाखवायची. आणि तू तेव्हापासून एकाही माणसाला अंगणात घेतलेलं नाहीस. गेल्या हिवाळ्यात कापसाच्या जिनमध्ये बोंड निवडणारी एक बाई कंबर धरून तुझ्या दाराशी आली होती आणि तू तिला परत पाठवलीस. 

मला वाटत होतं मी तुझा पाय थांबवला. मी तो तास थांबवला. ज्यानं लोक बरे होत होते, नेमकं ते. याची माफी कशी मागायची, हे माझ्या वाचनात कुठे सापडलेलं नाही.

माणिक


२४ जानेवारी १९६५

बाई,

नाव लागलं. बेचाळीस जण आहेत. बहुतेक माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. समितीच्या एका गृहस्थांनी विचारलं, "मास्तर, या वर्षी भाषणाला की पळायला?" पळायला, म्हणालो.

मायनं तुझ्यासाठी लाडू बांधले आहेत, पण पळताना नेता येणार नाहीत म्हणून ती माझ्यावरच रागावली आहे. ते भाऊजींच्या हाती पाठवले. तिला कळत नाही की मी पोचेन की नाही याची मलाच खात्री नाही. दार उघडं असेल की नाही, याची तर नाहीच.

तरी परवा सकाळी साडेसातला आम्ही खामगावहून निघू.

माणिक


३१ जानेवारी १९६५

बाई,

घरी सुखरूप पोचलो. तुझ्यासमोर जे बोलणं जमलं नाही ते लिहितो, कारण तुझ्यासमोर माझ्या तोंडून सलग चार वाक्यंही निघाली नाहीत. मायला हे सांगितलं तर तिला खोटं वाटलं.

दौडीचं तू विचारलं नाहीस, म्हणून सांगतो. पहिले सहा मैल मी पोरांच्या बरोबरीनं होतो. नवव्या मैलानंतर पाठीचं दार बंद व्हायला लागलं. मी सडकेच्या कडेला गेलो, निजलो, कुशीवर झालो, मोजून पन्नास श्वास घेतले, उठलो. एक पोरगा थांबला आणि म्हणाला, "काका, उचलू का?" मी म्हणालो, "पळ बे." असं तीनदा केलं. सत्ताविसावा आलो. बक्षिसं वाटून होत होती. अध्यक्षांनी मला पाहिलं आणि माईक पुढे केला. "मास्तर, दोन शब्द." आयुष्यात पहिल्यांदा मी माईकला पाठ दाखवली. पाठ दाखवण्यासारखी झाली होती, तेही खरं.

स्टेशनामागच्या तुमच्या गल्लीत वळलो तेव्हा मला धाप नव्हती, भीती होती. दार उघडं होतं. तू सुपात ज्वारी निवडत होतीस आणि मान वर केली नाहीस.

"किती मैल?"

"तेरा."

"मंग बसू नको लगेच. उभा राय. भिंतीले पाठ लाव."

मी भिंतीला पाठ लावली. तू चार मुठी ज्वारी निवडलीस. मी म्हणालो, "बाई, मी चुकलो." इतकंच आलं. तू सूप खाली ठेवलंस.

"अडीचशे माणूस होतं त्या मांडवात."

"हो."

"सारे हासले."

"हो."

"तू बी हासला होता."

वर्षभरात मी तुला सहा पत्रं लिहिली. कबुलीची लिहिली, हुशारीची लिहिली. हे एकाही पत्रात लिहिलं नव्हतं. मला आठवत नव्हतं असं नाही. टाळ्यांपेक्षाही ते हसू मला टाळायचं होतं. मी म्हणालो, "हो. हसलो होतो." आणि मग मला भिंतीचा आधार खरोखरच लागला.

तू उठलीस. घोंगडी अंथरलीस. पालथं पड म्हणालीस. अंगठ्यानं मानेपासून एकेक मणका मोजत खाली आलीस.

"इथं?"

"नाही."

"इथं?"

"जरा खाली."

"हा?"

"हाव."

"दबला हाये, पण बसला चांगला. कोणी सांगतलं तुले छाती उचलाले?"

"डॉक्टरांनी."

"शहाणा दिसते." मग थांबून म्हणालीस, "पाय नाई लावत मी. तुह्या तत्त्वाले लागन."

भाऊजी दारात उभे होते. ते आधी हसले, मग तू, मग मी. तेव्हा मात्र पाठ फार दुखली.

आता कामाचं. आमच्या शाळेपाठीमागे सोजराबाई राहते. वेचणीला जाते. पंधरा दिवसांपासून तिला वाकता येत नाही. तिला घेऊन तिचा भाऊ मोतीराम परवाच्या दुपारच्या गाडीनं नांदुऱ्याला येतो आहे. हे पत्र तुला आधी मिळेल असं धरतो. तिला अंगणात घे. तो तासभर दे. शेक कुठे द्यायचा आणि उठायचं कसं, हे तिला तुझ्या तोंडून कळायला हवं. माझ्या तोंडून तिला पटलं नाही. मी फार लांबवून सांगतो, असं ती म्हणाली.

जायचं ठरलं तेव्हा तिनं मला विचारलं, "मास्तर, त्या पायाळू हायेत ना? पाय लावतीन ना?"

मी तोंड उघडलं होतं. मग म्हणालो, "ते बाईलाच विचारा," आणि मोतीरामला तुझा पत्ता लिहून दिला.

तुझा,
माणिक